वडिलांच्या हाताचा स्प्लिंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. सुरुवातीला हात अगदी सैल असल्यामुळे तो पुढे आखडेल हे आम्ही मनावर घेतले नाही. जूनच्या अखेरीस मात्र कोपर दुमडू लागले, मनगट आत वळले आणि अंगठा मिटलेल्या मुठीत अडकला. स्नायूंना आवरणारे मेंदूचे संदेश तुटले की ते ताठर होतात आणि दीर्घकाळ तसेच आखूड राहिले तर सांधाच धरतो, हे आम्हाला तेव्हा समजले.

प्रथम इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दुकानातून तयार स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार, आणला. त्यात अंगठ्याला वेगळी जागाच नव्हती, त्यामुळे अर्ध्या तासात बोटे कडेवरून निसटून पुन्हा मिटत. तीन आठवड्यांत तो माळ्यावर गेला. जुलैमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा, पत्रा गरम पाण्यात मऊ करून थेट वडिलांच्या हातावर दुसरा घडवला: मनगट सुमारे २० अंश वर, बोटे किंचित वाकलेली, अंगठा तळहातापासून दूर. चौपट पैसे पडले, पण ते खटकले नाहीत.

खरी कसोटी तो बांधण्याची. आम्ही आधी बोटे टोकाकडून ओढून उघडायचो. वडील कळवळायचे आणि मूठ आणखी घट्ट व्हायची. योग्य रीत अशी, की मनगट अगोदर आतल्या बाजूला वाकवावे, म्हणजे बोटांचे ताणलेले स्नायुबंध सैल पडून मूठ आपोआप ढिली होते. मग अंगठा बुडापासून धरून बाहेर घ्यावा, बोटे सरळ करावीत आणि ती तशीच धरून मनगट सावकाश वर आणावे. घाई केली की स्नायू उलट झटका देतो. पहिला पट्टा मनगटावर, बोटांचा शेवटी. आईला हे दोन दिवसांत जमले, मला पंधरा लागले.

आम्ही सकाळ-संध्याकाळ आखडलेला हात आपल्या हातांनी सावकाश मोकळा करून झाल्यावर दोन-दोन तास तो बांधतो आणि काढल्यावर त्वचा पाहतो. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे दाब पडतो आहे असे समजून कड दुरुस्त करून घ्यावी. पावसाळ्यात घामाने तळहाताला वास येई, म्हणून आत सुती मोजा घालू लागलो.

जानेवारीतल्या थंडीने हात लाकडासारखा झाला. त्याच दिवसांत माझ्या हातून चूक घडली: धुतलेला स्प्लिंट वाळावा म्हणून मी हीटरसमोर ठेवला आणि अंगठ्याचा भाग वितळल्यासारखा वाकला. तो पुन्हा घडवून मिळेपर्यंतच्या नऊ दिवसांत हात फारसा बिघडला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ६३ रुग्णांच्या एका चाचणीतही चार आठवडे रात्री स्प्लिंट बांधून मनगटाचे आखडणे कमी झाल्याचे दिसले नव्हते. म्हणून माझे मत असे, की हाताने जेवढे मोकळे केले तेवढे स्प्लिंट काही तास टिकवतो, मोकळे करण्याचे काम तो करत नाही. ताठरपणा एकाएकी वाढला, तर दोष स्प्लिंटला देण्याआधी बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग किंवा कुठे जखम तर नाही ना, हे पाहावे. फेब्रुवारीत आमच्याकडे लघवीच्या संसर्गामुळेच तसे झाले होते. आणि जड रजईच्या वजनाने रात्री पाऊल खाली दाबले जाते, तिकडेही लक्ष असावे.

बोटे आपणहून उघडत नाहीत, ती अपेक्षाही नव्हती. पण जूनमध्ये नखे तळहातात रुतत होती आणि ती कापायला दोघे लागत; आता आई एकटी कापते, तळहात साबणाने धुते आणि सदऱ्याची बाही न अडकता चढते.

वेल्क्रोचे पट्टे मात्र सहाव्या महिन्यातच निकामी झाले. नव्या स्प्लिंटचा खर्च सुचवला गेला होता. कोपऱ्यावरच्या मोच्याने दहा मिनिटांत नवे पट्टे शिवून दिले.