मासेमारीसाठी हवेची राफ्ट: ट्यूब विकत घेतल्या, फ्रेम स्वतः बांधली

एक अख्खा हंगाम आणि वर काही महिने वापरल्यानंतर ठामपणे सांगतो, राफ्ट घेताना सगळी चर्चा रबराची होते, पण गळ टाकायला ती किती चांगली हे ठरतं फ्रेमवर, म्हणजे ट्यूबवर बसणाऱ्या पाइपांच्या सांगाड्यावर. म्हणून मी ट्यूब तयार घेतल्या आणि फ्रेम स्वतः बांधली. ट्यूब घरी चिकटवण्याच्या फंदात कुणी पडू नये. तिथे जोड सुटला तर माणूस पाण्यात जातो. फ्रेम मात्र आपल्या उंचीची, आपल्या सवयीची हवी, आणि ती तयार क्वचितच मिळते.

राफ्ट 13 फुटी आहे. वल्हवणारा मधे, गळ टाकणारा एक पुढे, एक मागे. दोघांपुरतंच जायचं असेल तर साडेनऊ-दहा फुटी पुरते आणि उचलायलाही सोपी जाते. कापड पीव्हीसीचं घेतलं. हायपॅलॉन, म्हणजे कृत्रिम रबराचं कापड, उन्हाला जास्त दाद देत नाही, मऊ असल्यामुळे लहान गुंडाळीत बसतं, पण महाग. (मूळ हायपॅलॉन बनवणं ड्यूपाँने 2010 मध्ये बंद केलं. त्याच जातीचं रबर आता इतर उत्पादक बनवतात, नाव मात्र जुनंच चालतं.) पीव्हीसी कडक असतं, त्यामुळे राफ्ट ताठ राहते आणि दगडांवरून सरकून पुढे जाते. थंडीत गुंडाळताना हाच कडकपणा जीव काढतो.

तळ सेल्फ-बेलिंग आहे, म्हणजे आत आलेलं पाणी कडेच्या भोकांतून आपोआप निघून जातं. ओझं जास्त झालं की त्याच भोकांतून पाणी वर येतं आणि पाय ओले राहतात, हे धरून चालावं. तळ ड्रॉप-स्टिचचा असावा हा माझा आग्रह आहे. त्याच्या आत वरचा आणि खालचा थर असंख्य धाग्यांनी बांधलेला असतो, त्यामुळे जास्त दाबाची हवा भरूनही तो सपाट राहतो. पन्हळीदार तळावर उभं राहून गळ टाकताना पाय सारखा खाचेत जातो.

हवेकडे रोज लक्ष द्यावं लागतं. ट्यूबमध्ये साधारण 2 ते 2.5 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), तळात बनवणाऱ्याने लिहिलं असेल तेवढी. सगळे कप्पे थोडे थोडे करून आळीपाळीने भरायचे, नाहीतर कप्प्यांमधल्या पडद्यांवर ताण येतो. राफ्ट थंड पाण्यात गेली की हवा आकसते आणि ट्यूब सैल पडते, तेव्हा पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पंप मारायचा. जेवायला काठावर ओढून उन्हात ठेवली की उलट होतं. तेव्हा थोडी हवा सोडायलाच हवी.

आता फ्रेम. अॅल्युमिनियमचे पाइप आणि स्क्रूने आवळायचे जोड, वेल्डिंग कुठेच नाही. म्हणून बैठक, पाय रोवायचा दांडा, वल्ह्यांचे खुंट, सगळं पुढे-मागे सरकवता येतं. वल्ही 9 फुटी आहेत. वल्ह्याचा एक तृतीयांश भाग खुंटाच्या आत, बाकीचा बाहेर, हे प्रमाण मला बरोबर बसलं. खुंट इतके उंच हवेत की मुठी मांडीला न लागता फिरतील. पुढे आणि मागे मांडीच्या उंचीवर टेकायचा कठडा आहे. त्याला रेलून दोन्ही हात मोकळे राहतात. पाइपांच्या तोंडांना टोप्या घाला, पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून टाका, बोल्ट वर येऊ देऊ नका. सैल पडलेला दोरा अडकायला जागा शोधतच असतो, आणि तो नेमका मासा लागतो तेव्हा अडकतो.

एवढा खटाटोप वल्हवणाऱ्यासाठी का? राफ्ट पाण्याबरोबर वाहते, मासा जागेवर असतो. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही मागे ओढत राफ्ट पाण्यापेक्षा हळू ठेवतो. त्या मंदावण्यातच पुढच्याला डोहाच्या कडेला नीट गळ सोडायला वेळ मिळतो. समोर खडक किंवा पडलेलं झाड दिसलं की नाक त्याच्याकडे वळवायचं आणि तिरकं होऊन मागे ओढत बाजूला निघायचं. हे दिवसभर करायचं तर बैठक आणि खुंट बिनचूकच लागतात.

नांगर मागे, कप्पीवरून, दोरी वल्हवणाऱ्याच्या हाताशी. जोरदार धारेत नांगर टाकू नये. दोरीच्या टोकाला गाठ मारू नये, म्हणजे वेळ आली तर ती सुटून जाऊ देता येते. सुरी जॅकेटवर असावी. आणि उभं राहायचं ते फक्त संथ पाण्यात.

वारा हा राफ्टचा खरा शत्रू. हलकी आणि पाण्याच्या वर राहणारी असल्यामुळे संथ पाण्यात समोरून वारा आला की कडक बुडाची होडी तिच्या पुढे जाते. उथळ, दगडाळ पाण्यात आणि धड उतार नसलेल्या काठावर मात्र राफ्टच हवी.

गळाने ट्यूब फुटेल ही भीती फारशी खरी ठरली नाही. कापड झिजतं ते फ्रेमखाली आणि तळाच्या सांध्यात अडकलेल्या वाळूने. म्हणून फ्रेमखाली पट्टी घाला आणि प्रत्येक वेळी सांधे धुऊन, पूर्ण वाळवूनच राफ्ट गुंडाळा. बारीक गळती साबणाच्या पाण्याने सापडते. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, दोन्ही बाजू घासून साफ करायच्या, पीव्हीसीचाच गोंद पातळ थरात दोनदा लावायचा आणि दाबून एक दिवस हात लावायचा नाही.

पुढच्या हंगामाआधी मागचा टेकायचा कठडा काढून तिथे नुसती बैठक बसवणार आहे. मागे उभा असलेला माणूस वल्हवणाऱ्याच्या डोक्यावरून दोरा फेकतो, आणि नांगराचं वजनही मागेच असल्यामुळे दोघांच्या भाराने पुढचं टोक उचलून वाऱ्यात जातं.