लोक्रोनां (ब्रिटनी, फ्रान्स) – दुपारी फोटो काढून निघू नका, एक रात्र राहा

फ्रान्समध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींना ब्रिटनी म्हटलं की सां-मालोच आठवतं, त्याच्या पुढे पश्चिमेला फिनिस्तेर जिल्ह्यात फारसं कोणी जात नाही. तिथे कँपेर शहरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर लोक्रोनां आहे, जेमतेम आठशे वस्तीचं गाव. मला प्रचंड आवडलं.

चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी करड्या ग्रॅनाइटची सतराव्या-अठराव्या शतकातली घरं, मधे विहीर आणि समोर पंधराव्या शतकातलं सेंट रोनानचं चर्च. वायरी नाहीत, गाड्या नाहीत. आता एवढ्याशा गावात एवढी श्रीमंत घरं कशी, तर शिडाच्या कापडामुळे. इथे घरोघरी हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचं जाड कापड विणायचे आणि ते जहाजांना जायचं, फ्रेंच नेव्हीला पण आणि ईस्ट इंडिया कंपनीला पण (फ्रेंचांची, इंग्रजांची नव्हे), म्हणजे पॉन्डिचेरीकडे येणाऱ्या जहाजांशी या गावाचा धंदा जोडलेला होता, आणि कंपनीचं जुनं ऑफिस अजून चौकात उभं आहे. पुढे धंदा बसला, नवीन बांधायला पैसा राहिला नाही म्हणून जुनं तसंच टिकलं. हे कळल्यावर प्रत्येक दार वेगळं दिसायला लागतं.

चर्चमध्ये घाई करू नका. शेजारच्या पेनिती चॅपेलमध्ये रोनानची समाधी आहे, काळसर दगडात आडवा कोरलेला संत आणि त्याला उचलून धरणारे सहा देवदूत. 1707 चं लाकडी प्रवचनपीठ आहे त्याच्यावर रोनानची सगळी गोष्ट चित्रांत कोरलीये, एकेक चित्र बघत गोल फिरा. मग र्‍यू मोआल नावाच्या उतारावरून खाली बोन-नुव्हेल चॅपेलपर्यंत जा, या गल्लीत विणकर राहायचे. गर्दी वरच थांबते, खाली झरा आहे आणि चॅपेलला मानेसिए या चित्रकाराच्या रंगीत काचा आहेत, माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

गावाचा खरा जीव त्रोमेनी नावाच्या धार्मिक मिरवणुकीत आहे. रोनान ज्या वाटेने चालायचा म्हणतात ती वाट लोक दर जुलैत चालतात, आपल्याकडच्या ग्रामप्रदक्षिणेसारखीच, आणि दर सहा वर्षांनी मोठी त्रोमेनी असते, 12 किलोमीटर, शेतांतून आणि डोंगरावरून, 12 थांबे, वाटेत फांद्यांच्या छोट्या झोपड्या करून त्यात आजूबाजूच्या गावांचे संत बसवतात. 2025 ला झाली, पुढची 2031. जमत असेल तर आत्ताच ठरवून टाका. नसेल तर दरवर्षीची छोटी पण आहेच.

खाण्याचं म्हणाल तर काळ्या गव्हाचा, म्हणजे कुट्टूचा क्रेप (पातळ धिरड्यासारखा) आणि सोबत वाटीतून सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच हॅम नको म्हणून स्पष्ट सांगा, चीज-मशरूमचा बहुतेक ठिकाणी मिळतो. चौकाजवळ एका ठिकाणी आम्हाला कडेने करपलेला आणि मधे गार असा मिळाला, गर्दीच्या वेळी हे होतं, त्यामुळे बाराच्या ठोक्याला जाऊन बसा. क्विन-अमान मात्र खायलाच हवं, पावाच्या पिठात खारं बटर आणि साखर थरांथरांनी, गरम करून घ्या, एक दोघांत पुरतं. मूळचं ते शेजारच्या दुआर्ननेचं, पण इथलंही जबरदस्त.

खटकलं काय तर चौकातली दुकानं, बिस्किटं आणि मॅग्नेट फार झालेत. पार्किंग गावाबाहेर आणि पैसे देऊन. बस कँपेरहून आहे पण फेऱ्या कमी, परतीची वेळ आधी बघा, शक्य असेल तर गाडीच घ्या. ऑगस्टमध्ये अकरा ते पाच चौकात उभं राहायला जागा नसते, म्हणूनच म्हणते रात्री राहा, संध्याकाळी टुरिस्ट बस गेल्या की गाववाले बाहेर येतात, गप्पा मारतात, दुकानदारही निवांत बोलतो. डिसेंबरमध्ये रोषणाई बघायला पण लोक येतात, तेव्हा खोली बरीच आधी बुक करा.

पाचपैकी साडेचार.