भदोहीचा लोकरी गालिचा धुऊन घेतला: अंबडच्या धुलाईचा अनुभव

आमच्या दिवाणखान्यातला गालिचा सहा बाय नऊ फुटांचा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा, लोकरी. सासऱ्यांनी हौसेने आणलेला. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या समोर बांधकाम सुरू झाल्यापासून कितीही व्हॅक्यूम मारला तरी त्यावर अनवाणी चाललं की पायाला कचकच लागायची. त्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करंडा लवंडला. शेवटी अंबडला गालिचे धुणाऱ्या एकांकडे दिला, आणि काम इतकं चोख झालं की सविस्तर लिहितेय.

न्यायला आलेल्या काकांनी सगळ्यात आधी गालिचा उलटा केला. मागच्या बाजूलाही तीच नक्षी, बारीक बारीक गाठींची. "ताई, हा हाताने विणलेला आहे, पाण्याला घाबरत नाही. मागे कापड चिकटवलेला असता तर असा भिजवला नसता," म्हणाले. माझ्या नणंदेचा गालिचा तसाच चिकटवलेला होता. घरी येऊन मशीन फिरवणाऱ्यांनी तो चिंब केला, डिंक सुटला आणि मागचं कापड फुग्यासारखं वर आलं. त्यामुळे हा प्रश्न कुणी आपणहून विचारतोय, यातच मला अर्धा भरवसा बसला. मग ओलं पांढरं फडकं लाल काठावर दाबून रंग सुटतोय का तेही पाहिलं.

हळदीचा डाग मात्र लालसर झाला होता. आधी बोलावलेल्या मुलाने त्यावर कपड्यांची पावडर चोळली होती. काकांनी लगेच ओळखलं: क्षार लागला की हळद लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. शिवाय लोकरीलाही क्षार सोसत नाही, ती रखरखीत होते. त्यांनी सौम्य साबण वापरला. डाग बराच गेला. उरलेला पुसट पिवळेपणा कोवळ्या उन्हात कमी होईल म्हणाले, आणि खरंच होतोय.

धुताना बघायला या म्हणाले, म्हणून गेले. पाण्याआधी गालिचा पालथा घालून मागून झटकला. खाली जी बारीक वाळू पडली ती पाहून मी गप्पच झाले. ही वाळू लवेच्या बुडाशी बसते आणि प्रत्येक पावलागणिक लोकर कापत राहते. ती न काढता पाणी ओतलं तर आतच चिखल होतो. नंतर थंड पाणी, मऊ ब्रश आणि लवेच्या दिशेनेच हात. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला, पिळून काढला आणि पंख्यांच्या वाऱ्यावर सावलीत वाळवला. वाळायला वेळ लागला तर सुती ताण्यातला (आतल्या उभ्या धाग्यांतला) पिवळटपणा वर येतो, म्हणून घाई धुण्यात नाही, वाळवण्यात करायची.

तक्रार एकच. दिलेल्या दिवशी गालिचा आला नाही आणि फोनही मलाच करावा लागला. गोंडे थोडे पिवळट राहिले, पण त्याचा दोष देणार नाही. ब्लीचने सूत कुजतं, मी लावणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दर चौरस फुटाला ३५ रुपये, म्हणजे ५४ फुटांचे १८९०, नेणं-आणणं धरून. घरी येऊन शाम्पू मारणाऱ्यांपेक्षा महाग आहे, पण लोकरीच्या गालिच्याला मी हेच पैसे पुन्हा देईन.

जाताना काकांनी दोन गोष्टी बजावल्या. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवून नुसतं ओढायचं. आणि सोफ्याखालचा भाग अधूनमधून बाहेर काढून झटकायचा, कारण कसर लागते ती अंधारात, जिथे पाऊल पडत नाही तिथे. पावसाळ्यात ते जाड लोकरी गालिचे घेतच नाहीत. नाशिकच्या कोरड्या थंडीत द्या म्हणतात, तेव्हा दिवाळी झाली की लगेच नंबर लावा.