'बॉर्डर' पुन्हा पाहिला, या वेळी घरी

१९९७ साली वार्षिक रजेवर गावी आलो होतो, तेव्हा साताऱ्यात 'बॉर्डर' पहिल्यांदा पाहिला. थिएटरात शिट्ट्या, पडद्यावर नाणी. मी सिग्नलमन, उमेदीची वर्षं वायरलेस सेट कानाला लावून काढलेली, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच. सनी देओल ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात आमच्यातला कुणी सेटवर बोलला असता तर आधी उस्तादाचा मार खाल्ला असता. पोटात गोळा आला की उलट सावकाश, मोजकं बोलायचं, 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं आणि खरखर ऐकत बसायचं. लढाईत ही खरखरच जास्त असते. सिनेमात ती जवळजवळ नाहीच.

परवा नातवासोबत पुन्हा पाहिला. पिक्चर ज्यावर बेतलाय त्या राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीच्या लढाईच्या गोष्टीला मुळात मीठमसाला लागतच नाही. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, २३ पंजाबची एक कंपनी, साधारण १२० माणसं, समोर पाकिस्तानी रणगाड्यांची रांग. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींकडे एकही रणगाडा नाही. जैसलमेरची हंटर विमानं रात्री येऊ शकत नव्हती, म्हणजे उजाडेपर्यंत तग धरायचा. चौकीपुढची काटेरी तार बघून पलीकडच्यांना सुरुंगांचा संशय आला आणि ते थबकले. एक तार आणि एक घड्याळ! एवढ्यावर अख्खा पिक्चर उभा राहिला असता. पण दिग्दर्शक जे. पी. दत्तांना वाट बघण्यावर भरवसा नाही, त्यांना संवाद हवेत आणि हुतात्मे हवेत. खऱ्या लोंगेवालात आपले दोन जवान गेले. इथं मोजणं सोडून द्यावं लागतं. सुनील शेट्टीने रंगवलेले भैरोसिंग पडद्यावर वीरमरण पत्करतात, खरे भैरोसिंग राठोड २०२२ पर्यंत हयात होते. हे नातवाला सांगितलं, तर म्हणतो, "मग आबा, ते हा पिक्चर बघायला गेले असतील का?" काय सांगणार!

'संदेसे आते हैं' मात्र खरं. पोरगं गाणं पुढं ढकलायला निघालं, मी रिमोट काढून घेतला. 'मार्फत ५६ एपीओ' हा फौजी टपालाचा पत्ता लिहिलेलं आंतरदेशीय पत्र, आईनं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं. म्हैस व्याली, विहिरीला पाणी कमी आहे, धाकट्याची दहावी. ते मी वाचायचो आणि अख्खी बरॅक ऐकायची, म्हैस सगळ्यांचीच व्याल्यासारखी.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते झालं तुमच्या बाजूचं. इकडं पोस्टमन दारावरनं तसाच पुढं जायचा, त्याचं गाणं कुठाय?"

पाचपैकी तीन तारे. पिक्चर जवळपास तीन तासांचा आहे, मध्ये चहाला उठलात तरी चालेल. फक्त गाण्याला उठू नका.