फॅमिलीसर्च: फुकटात कस्टरचं खानदान

अमेरिकन सिव्हिल वॉरचं वेड आहे मला, त्यात त्या युद्धात उत्तरेकडून लढलेल्या जनरल कस्टरची फॅमिली शोधायची हुक्की आली. आधी एका पेड साइटवर गेलो, ट्रायल संपायच्या आधीच पैसे कापले राव, नाव नाही घेत. मग फॅमिलीसर्च, वंशावळ शोधायची साइट. खातं उघडायचं बास, एक रुपया नाही, चालवतं सॉल्ट लेक सिटीचं मॉर्मन चर्च.

कस्टरचा जन्म १८३९, न्यू रमली, ओहायो. वाढला मात्र बराचसा मिशिगनच्या मन्रोमध्ये, सावत्र बहिणीकडे. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत १८६१ च्या बॅचमध्ये शेवटचा नंबर 😄 लग्न १८६४ मध्ये लिबी बेकनशी, मूलबाळ नाही, म्हणजे थेट वंशज शोधत बसू नका. आणि २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नला मूळनिवासींशी झालेल्या लढाईत तो एकटाच नाही मेला, टॉम आणि बॉस्टन हे दोन भाऊ, भाचा, मेव्हणा, एकाच दिवशी घरातले पाच, हे साइटवरच्या वंशवृक्षाच्या झाडावर ओळीने एकच तारीख बघताना कसंतरीच होतं. लिबी पुढे १९३३ पर्यंत जगली.

टिप: घरातल्या सगळ्यांची नावं अमेरिकेच्या १८५० च्या जनगणनेपासूनच मिळतात, आणि १८९० ची बहुतेक आगीतच गेली, तिथे डोकं आपटू नका. झाड कुणीही एडिट करू शकतं, सो मूळ कागदाचा स्कॅन उघडून बघाच. पाचपैकी साडेचार.