स्टीमपंक कादंबरीचा ट्रेलर: हलती चित्रं की खरे कलाकार?

किशोरांसाठीच्या स्टीमपंक, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या कल्पित यंत्रांच्या जगातल्या, कादंबरीचा ट्रेलर करायचा, तर आमचं मत स्पष्ट आहे: पुस्तकात चित्रं असतील तर तीच हलवा. स्कॉट वेस्टरफेल्डच्या 'लेव्हायथन' या कादंबरीसाठी (2009) कीथ थॉम्पसनची चित्रं अशीच वापरली गेली.

चित्र किमान 4000 पिक्सेल रुंद घ्या, नाहीतर झूम करताना ते फुटतं. पुढची पात्रं, यंत्र आणि आकाश वेगवेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या थरांवर) कापा. पात्र सरकलं की मागे भोक दिसतं, म्हणून तिथली पार्श्वभूमी आधीच रंगवून ठेवा. पुढचा लेयर जास्त सरकवा, मागचा कमी. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित केलेली वाफ 'स्क्रीन' मोडमध्ये वर टाका; त्यात काळा भाग दिसेनासा होतो आणि फक्त वाफ उरते.

सगळ्यात जास्त चुकतात ती दातेरी चाकं. बाहेरच्या दात्यांनी एकमेकांत अडकलेली दोन चाकं नेहमी उलट दिशांना फिरतात. 24 दात्यांचं चाक एक फेरा घेईल तेव्हा 12 दात्यांचं दोन घेतं. बारा-तेरा वर्षांची मुलं ही चूक लगेच पकडतात, आणि मग पुस्तकातल्या यंत्रांवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

खऱ्या कलाकारांच्या चित्रीकरणात चेहऱ्यावरची भीती, धडधड थेट पोचते, हे मान्य. पण खर्च कपडे, जागा आणि प्रकाशयोजनेत जातो. सोनेरी स्प्रे मारलेलं प्लास्टिक थेट प्रकाशात खेळण्यासारखं चमकतं. त्यावर पातळ काळपट तपकिरी रंग फासून पुसला की खाचांत उरतो आणि पितळ जुनं वाटतं. शिवाय नायिकेचा चेहरा वाचकाच्या मनात कायमचा ठरून जातो.

लांबी दोन्हीकडे 60 ते 90 सेकंद.