गिअर ऑइलचा खोटा लॅब रिपोर्ट दाखवून १,३५,९३६ रुपयांना फसवलं

ट्रकवाल्यांनो, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गिअर ऑइल विकणारा हा माणूस अजून फिरतोय. जीएल-५, ८०डब्ल्यू-९० (ॲक्सलच्या गिअरसाठीचा, जास्त दाब सोसणारा तेलाचा दर्जा आणि त्याचा जाडपणा) म्हणून त्याच्याकडून तीन बॅरल घेतले. ३८,४०० ला एक, वर १८ टक्के जीएसटी. सगळे पैसे आगाऊ, आरटीजीएसने.

'आगाऊ कशाला दिलेस?' असं आता जो तो विचारतो. अहो, त्याने गॅरेजात मशीन लावून दाखवलं होतं. फिरत्या रिंगवर बेअरिंगचा रोलर दाबायचा. साध्या तेलात जाम, त्याच्या तेलात नाही. जुने मिस्त्री बघत उभे होते, कुणी ब्र काढला नाही. क्लोरीनचं ॲडिटिव्ह ओतलं की त्या मशीनवर साधं तेलही टिकतं, हे नंतर कळलं. असल्या मशीनवर पैसे देऊ नका.

आणि तो रिपोर्ट! फोर-बॉल टेस्ट, वेल्ड लोड ३४० किलो. या टेस्टमध्ये तेलात तीन गोळे घट्ट बसवून वर चौथा फिरवतात, दर वेळी दहा सेकंद, आणि गोळे एकमेकांना वेल्ड होईपर्यंत वजन ठरलेल्या पायऱ्यांनी चढवतात: २००, २५०, ३१५, ४००. ३४० ही पायरीच नाही! तो आकडा मी बोट ठेवून वाचला होता. तिथेच त्याला हाकलायला हवं होतं, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. पण गाड्या चालवणाऱ्याने या पायऱ्या पाठ करायच्या का? एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा शिक्का होता, पण यूएलआर नंबर, म्हणजे प्रत्येक रिपोर्टचा वेगळा नंबर, नव्हता. तो आधी बघा. बॅच नंबर नव्हता. खाली बारीक अक्षरात 'नमुना ग्राहकाने दिलेला'. म्हणजे त्याने नेऊन दिलं ते तपासलं, माझ्या बॅरलमधलं नाही.

ते तेल घातलेल्या दोन गाड्यांची मागच्या ॲक्सलची हौसिंग रडायला, म्हणजे आवाज करायला लागली. क्राउन-पिनियन, म्हणजे आतले गिअर गेले, ८४,७०० रुपये. मग ११,८०० भरून माझ्या बॅरलचा नमुना मी स्वतः तपासून घेतला: १६० किलोलाच गोळे वेल्ड. शिवाय जीएल-५ म्हणायला नुसती फोर-बॉल पुरत नाही, एल-३७ आणि एल-४२ या ॲक्सलवरच्या टेस्ट लागतात. त्या मागा, विक्रेता लगेच विषय बदलेल.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ही दिवाणी बाब. अहो, खोटा कागद बनवून पैसे काढले, यात दिवाणी काय? ग्राहक आयोगाच्या वकिलाने सांगितलं, माल धंद्यासाठी घेतला, तुम्ही 'ग्राहक' ठरणंच अवघड. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तावर, अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर वर माझ्यावरच चिडले! आयुष्यभर कर भरायचा तो याच्यासाठी?

तुम्ही अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. बॅरलचं सील फोडताना व्हिडिओ काढा, लिटरभर तेल सीलबंद बाजूला ठेवा. तो आता दुसऱ्या ब्रँडच्या नावाने तोच रिपोर्ट पाठवतोय, आकडाही बदललेला नाही. ३४० दिसला की मला कळवा. आपण चार-पाच जण मिळून एकत्र तक्रार देऊ.